कुठलं नेटवर्क भारी? एका तुलनेची पन्नास वर्षं

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोग्रेस सेमिनारला मी एक आलेख दाखवला होता. वायरलेस लॅनच्या दोन पद्धती आणि त्यांचे शेजारी शेजारी दोन रंगांचे खांब. पहिल्या पद्धतीत स्टेशनला चॅनेल मोकळा दिसला की ते थोडं थांबून सरळ पॅकेट पाठवतं. दुसरीत ते आधी "पाठवू का?" असं विचारणारं एक छोटं पॅकेट सोडतं आणि समोरून "पाठव" आलं की मगच खरा डेटा पाठवतं. या विचारणा-होकाराला आरटीएस-सीटीएस म्हणतात. माझ्या सिम्युलेशनमध्ये पहिली पद्धत दर वेळी जिंकत होती. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मी त्या निकालावर उभं केलं होतं.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "तुझी ही सगळी स्टेशनं एकमेकांना ऐकू शकतात का?"

मी म्हटलं, हो. दहा स्टेशनं, एकाच खोलीत.

"मग आरटीएसला तिथे कामच काय उरलं?"

त्या रात्री मी निम्मी स्टेशनं ॲक्सेस पॉइंटच्या एका बाजूला आणि निम्मी दुसऱ्या बाजूला नेली, इतकी दूर की दोन्ही गटांना एकमेकांचं काही ऐकू येऊ नये. कोड तोच, पॅकेट तेवढंच, वेगही तोच. निकाल उलटा आला! हरणारी पद्धत जिंकली. म्हणजे प्रकरणातला निकाल पद्धतींबद्दल काही सांगत नव्हता. मी स्टेशनं कुठे ठेवली, एवढंच तो सांगत होता.

यानंतरचे काही महिने मी या विषयातले जुने पेपर एका वेगळ्या कारणासाठी वाचले. निकाल काय आला यापेक्षा तुलना कशाशी केली, काय गृहीत धरलं आणि काय मोजलं, हे मी वहीत उतरवत गेलो. त्या वहीतून हा लेख तयार झाला आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालं असेल, तर तुमचा विषय नेटवर्किंग नसला तरी यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

१८ टक्के, पण कशाच्या तुलनेत?

गोष्ट सुरू होते हवाईमध्ये. हवाई विद्यापीठाचा मुख्य कॅम्पस ओआहू बेटावर आणि काही कॉलेजं इतर बेटांवर विखुरलेली. सगळ्यांना मुख्य कॉम्प्युटर वापरायचा होता. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोनच्या तारांऐवजी रेडिओ वापरायचं ठरवलं. त्यांचं अलोहानेट १९७१ मध्ये चालू झालं.

नियम अगदी साधा होता. ज्याच्याकडे पॅकेट आहे त्याने ते लगेच पाठवायचं. दोघांनी एकाच वेळी पाठवलं तर टक्कर होऊन दोन्ही पॅकेटं वाया जातात. पोच आली नाही, तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. हा थांबण्याचा वेळ मात्र प्रत्येकाने यादृच्छिक निवडायचा, नाहीतर तेच दोघे पुन्हा एकमेकांवर आदळणार.

अब्रॅमसननी १९७० च्या पेपरमध्ये गणित करून दाखवलं की या पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो. आपल्याकडे अभ्यासक्रमात हा आकडा येतो आणि मुलं लगेच म्हणतात, "म्हणजे ८२ टक्के वाया? किती वाईट डिझाइन!" परीक्षेत मीही असंच काहीसं लिहिलं होतं.

पण मूळ पेपरातला हिशोब बघा. एक पॅकेट ३४ मिलिसेकंदांचं आणि टर्मिनलवर बसलेला माणूस मिनिटाला सरासरी एक पॅकेट पाठवतो. अशा प्रत्येक माणसाला स्वतंत्र चॅनेल दिला, तर त्या चॅनेलचा वापर होतो ६० सेकंदांतले ३४ मिलिसेकंद, म्हणजे ०.०६ टक्केसुद्धा नाही. उलट अलोहामध्ये एकाच चॅनेलवर असे सव्वातीनशेच्या आसपास लोक काम करू शकतात. अब्रॅमसन यांची तुलना 'प्रत्येकाला आपली वेगळी वाट' या जुन्या विचाराशी होती, आणि तिथे १८ टक्के हा आकडा प्रचंड मोठा आहे. आपण मात्र तो नकळत १०० टक्क्यांशी ताडून बघतो.

पुढे १९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी सुचवलं की वेळेचे समान तुकडे पाडा आणि पाठवायला सुरुवात फक्त तुकड्याच्या आरंभीच करू द्या. एवढ्याने कमाल क्षमता दुप्पट होऊन ३६.८ टक्क्यांवर गेली. त्याची किंमत होती सगळ्यांची घड्याळं जुळवून ठेवण्याची. टक्केवारीच्या आकड्यात ती दिसत नाही.

१९७५ चा तक्ता

आता एक साधी कल्पना. बोलायच्या आधी ऐकावं, कोणी बोलत असेल तर थांबावं. लिओनार्ड क्लाइनरॉक आणि फुआद तोबागी यांनी १९७५ मध्ये या पद्धतीचं सविस्तर विश्लेषण केलं. हेच सीएसएमए. त्यांच्या पेपरमध्ये सगळ्या पद्धतींच्या कमाल क्षमतेचा एक तक्ता आहे. साधं अलोहा १८.४ टक्के, तुकड्यांचं अलोहा ३६.८ टक्के. चॅनेल मोकळा होताक्षणी उडी मारणारं सीएसएमए ५२.९ टक्के आणि चॅनेल व्यस्त दिसला तर बाजूला होऊन नंतर यादृच्छिक वेळेने पुन्हा बघणारं सीएसएमए ८१.५ टक्के.

नुसता तक्ता पाहिला तर वाटतं, निकाल लागला, विषय संपला. पण हे सगळे आकडे एका विशिष्ट गुणोत्तरासाठी आहेत. सिग्नलला एका स्टेशनपासून दुसऱ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ हा पॅकेटच्या लांबीच्या शंभराव्या भागाइतका आहे, असं त्यात धरलंय. हे गुणोत्तर वाढलं की ऐकण्याचा फायदा कमी होत जातो, कारण तुम्ही जे ऐकता ते शिळं असतं. उपग्रहाचं उदाहरण घ्या. ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यायला सिग्नलला साधारण पाव सेकंद लागतो. तुम्हाला चॅनेल मोकळा ऐकू येतो तो पाव सेकंदापूर्वीचा. तिथे ऐकण्यात वेळ घालवण्यापेक्षा अलोहाच बरं पडतं. हे त्याच पेपरातल्या आलेखांत दिसतं, गुणोत्तर वाढत गेलं की सीएसएमएची रेघ खाली घसरते. तक्ता सगळे उद्धृत करतात, तो आलेख फारसं कोणी करत नाही.

दुसरं गृहीतक होतं की प्रत्येक जण प्रत्येकाला ऐकू शकतो. माझी चूक नेमकी इथेच होती. लेखकांना मात्र याची पूर्ण जाणीव होती. त्यांनी त्याच अंकात दुसरा भाग लिहून त्यात हे गृहीतक काढून टाकलं. दोन स्टेशनं एकमेकांपासून लपलेली आहेत, मध्ये टेकडी किंवा इमारत आहे, पण दोघांनाही मधलं केंद्र दिसतं. मग 'आधी ऐका' हा नियम कितीही पाळला तरी टक्कर होणारच, आणि सीएसएमएची क्षमता बरीच खाली येते. लपलेल्या टर्मिनलचा प्रश्न हे नाव तिथून रूढ झालं. आपल्याच निकालाचा पाया आपणच हलवून बघायचा आणि तेही वेगळा पेपर लिहून! हे वाचल्यावर माझ्या सेमिनारची मला जरा जास्तच लाज वाटली.

गृहीतकं कशी मागे पडतात

मधल्या काळात तारेवरच्या इथरनेटचं एक प्रकरण घडलं. विषय वायरलेस नाही, पण तुलनेच्या इतिहासात ते टाळता येत नाही. 'इथरनेट ३७ टक्क्यांवरच भरून जातं' असा समज अनेक वर्षं पसरला होता. ३७ हा आकडा ओळखीचा वाटतो ना? अनंत वापरकर्ते, अगदी छोटी पॅकेटं अशा टोकाच्या परिस्थितीसाठीचा तो आकडा होता. शेवटी १९८८ मध्ये डेव्हिड बॉग्ज, जेफ्री मोगल आणि ख्रिस्तोफर केंट यांनी खऱ्या इथरनेटवर मोजमाप केलं. मोठी पॅकेटं आणि मोजकी यंत्रं असली तर नेटवर्क जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालतं, हे त्यांनी दाखवलं. आकडा टिकून राहिला होता, त्याच्यासोबतच्या अटी तेवढ्या वाटेत गळून पडल्या होत्या.

वायरलेसकडे परत येऊ. अमेरिकेच्या एफसीसीने १९८५ मध्ये काही फ्रिक्वेन्सी पट्टे परवान्याशिवाय वापरायला खुले केले. त्यानंतर बिनतारी लॅनची उपकरणं येऊ लागली आणि १९९० च्या सुमारास ८०२.११ समितीचं काम सुरू झालं. त्याच वर्षी फिल कार्न यांनी हौशी रेडिओवाल्यांसाठी माका नावाची पद्धत मांडली. लपलेल्या टर्मिनलवर उपाय म्हणून आधी विचारायचं, होकार मिळाला की मग पाठवायचं. माझ्या आलेखातल्या आरटीएस-सीटीएसचं मूळ हे.

१९९४ मध्ये झेरॉक्स पार्कशी संबंधित गटाने माकॉ या नावाने तिची सुधारित आवृत्ती मांडली. त्या पेपरातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन स्टेशनं सतत पाठवत आहेत, टक्कर झाली की ज्याची टक्कर झाली तो दुप्पट थांबतो. दिसायला न्याय्य नियम. पण त्यातून असं घडतं की एकदा जिंकलेला पुन्हा पुन्हा जिंकतो आणि हरलेला आणखी मागे सरकतो. एकाला जवळजवळ सगळा चॅनेल, दुसऱ्याला जवळजवळ शून्य. आणि एकूण थ्रूपुट? ते दोन्ही परिस्थितींत जवळपास सारखंच! तुम्ही फक्त बेरीज मोजली असती तर काही बिघडलंय हे कळलंच नसतं.

डब्यावरचा वेग आणि हातातला वेग

८०२.११ चं पहिलं मानक १९९७ मध्ये आलं. वेग १ आणि २ एमबीपीएस. त्यात हवेतून बिट्स पाठवायच्या तीन पद्धती होत्या, एक इन्फ्रारेड आणि दोन रेडिओच्या. १९९९ मध्ये ११ एमबीपीएसचं ८०२.११बी आणि ५४ एमबीपीएसचं ८०२.११ए आलं. इथून तुलनेचा एक नवीन सापळा तयार झाला, तो म्हणजे डब्यावर छापलेला वेग.

एक हिशोब कागद-पेन घेऊन स्वतः करा. ८०२.११बी, पॅकेट १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिट्स. हेडर धरून ११ एमबीपीएसने पाठवायला साधारण १.१२ मिलिसेकंद लागतात. पण त्याआधी ५० मायक्रोसेकंद थांबायचं. मग सरासरी ३१० मायक्रोसेकंद यादृच्छिक प्रतीक्षा. मग १९२ मायक्रोसेकंदांचा प्रिअँबल. पॅकेटनंतर १० चा खंड आणि पोचपावतीला, तिच्या स्वतःच्या प्रिअँबलसकट, जवळपास २५०. बेरीज होते १.९ मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे हातात येतात ६ एमबीपीएसच्या आसपास. हेही एकच स्टेशन असताना, एकही टक्कर न होता.

असाच हिशोब ८०२.११ए साठी केला तर ५४ चे साधारण ३० उरतात. आता गंमत म्हणून डेटाचा वेग अनंत धरा. डेटाला शून्य वेळ लागतो, पण प्रतीक्षा, प्रिअँबल, पोचपावती तशाच राहतात. तरीही १५०० बाइटच्या पॅकेटला ७५ एमबीपीएसच्या पुढे जाता येत नाही! म्हणून २००९ च्या ८०२.११एन मध्ये रेडिओचा वेग वाढवण्याबरोबरच अनेक पॅकेटं एकत्र बांधून पाठवण्याची सोय करावी लागली.

सगळे कायम भुकेले

२००० साली ज्युझेप्पे बियांकी या इटालियन संशोधकाचा पेपर आला. ८०२.११ च्या थ्रूपुटचं इतकं सुटसुटीत गणित त्याआधी कोणी दिलं नव्हतं. तुमचा विषय हा असेल तर तो पेपर टाळता येणारच नाही. त्याची किल्ली एका गृहीतकात आहे. एखादं पॅकेट कितव्यांदा पाठवलं जातंय याचा विचार न करता टक्कर होण्याची शक्यता दर वेळी तेवढीच धरायची. त्याशिवाय प्रत्येक स्टेशनकडे पाठवायला कायम काहीतरी आहे, सगळे एकमेकांना ऐकतात आणि चॅनेलमध्ये दुसरा कसलाही दोष नाही.

त्या पेपरात आरटीएस-सीटीएसचा निकाल चांगला येतो. स्टेशनं वाढली तरी त्याची कामगिरी फारशी ढासळत नाही. गंमत अशी की तिथे लपलेली टर्मिनलं नाहीतच. फायदा वेगळ्याच कारणाने होतो. त्यातली उदाहरणं १ एमबीपीएसची आहेत आणि डेटा सुमारे ८००० बिट्सचा. टक्कर झाली तर ८ मिलिसेकंद वाया जातात, त्यापेक्षा छोट्या आरटीएसची टक्कर स्वस्त. ११ एमबीपीएसला डेटा एका मिलिसेकंदात उरकतो, पण आरटीएस-सीटीएस सहसा जुन्या सावकाश वेगानेच जातात. मग तोच विमा महाग पडायला लागतो. माझ्या एका खोलीतल्या सिम्युलेशनमध्ये आरटीएस हरत होतं ते यामुळे. माझा आकडा चुकलेला नव्हता. 'आरटीएस-सीटीएस ही कमी कार्यक्षम पद्धत आहे' हे त्याखाली लिहिलेलं वाक्य चुकलं होतं.

२००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गटाने आणखी एक गृहीतक हलवलं, सगळ्यांचा वेग सारखा असतो हे. ८०२.११बी मध्ये ॲक्सेस पॉइंटजवळ बसलेला ११ एमबीपीएसने बोलतो आणि लांब कोपऱ्यातला १ एमबीपीएसने. सीएसएमए दोघांना संधी समसमान देतं, पण ती पॅकेटांच्या संख्येत. पुन्हा ढोबळ हिशोब करू, बाकीचा खर्च सोडून. जवळच्याचं पॅकेट १.१ मिलिसेकंद, लांबच्याचं १२. एक फेरी १३.१ मिलिसेकंदांची. त्यात प्रत्येकाचे १२,००० बिट्स गेले. म्हणजे दोघांनाही मिळाले साधारण ०.९ एमबीपीएस! ११ वाला एकच्याही खाली आला. वेळ अर्धा-अर्धा वाटला असता तर जवळच्याला ५.५ आणि लांबच्याला ०.५ मिळाले असते. यातलं न्याय्य कुठलं, हे समीकरण सांगत नाही. न्याय पॅकेटांत मोजायचा की वेळेत, हे संशोधकाने आधी ठरवून उघडपणे लिहावं लागतं.

हरलेलं डिझाइन

आता शेवटची तुलना. ८०२.११ए च्याच काळात युरोपात एट्सीने हायपरलॅन-२ तयार केलं. ५ गिगाहर्ट्झचाच पट्टा, जवळजवळ तशीच रेडिओ रचना आणि कमाल वेगही ५४ एमबीपीएस. फरक होता नियमांत. तिथे स्पर्धा जवळपास नव्हतीच. ॲक्सेस पॉइंट दर २ मिलिसेकंदांच्या चौकटीत कोणी कधी बोलायचं ते वाटून देत असे. भरपूर गर्दी असली की अशी वाटून दिलेली वेळ हवेचा चांगला वापर करते, कारण टक्करी आणि प्रतीक्षा वाचतात. मात्र यंत्रणा गुंतागुंतीची होते.

बाजारात हायपरलॅन-२ टिकलं नाही. ८०२.११बी ची स्वस्त कार्डं तोवर लॅपटॉपमध्ये पोचली होती. म्हणजे ते वाईट डिझाइन होतं का? २०२१ मध्ये मंजूर झालेलं ८०२.११एएक्स, ज्याला आपण वाय-फाय ६ म्हणतो, ते बघा. गर्दीच्या जागांसाठी त्यात ॲक्सेस पॉइंटच एकाच वेळी अनेकांना चॅनेलचे तुकडे वाटून देतो. वीस वर्षांपूर्वी मागे पडलेला विचार वेगळ्या रूपात परत आला. २००० साली घरात एक लॅपटॉप असायचा, आता एका वर्गात साठ फोन असतात.

माझ्या प्रकरणाचं काय झालं

ते प्रकरण मी फाडलं नाही, पुन्हा लिहिलं. 'कुठली पद्धत चांगली' हा प्रश्न काढून 'कुठल्या परिस्थितीत निकाल उलटतो' हा घेतला. लपलेल्या स्टेशनांचं प्रमाण शून्यापासून वाढवत नेलं, पॅकेटची लांबी बदलली आणि दोन रेघा एकमेकींना कुठे छेदतात ते शोधलं. एकूण थ्रूपुटशेजारी सगळ्यात कमी मिळणाऱ्या स्टेशनचा आकडाही ठेवला. कामाला सहा महिने जास्त लागले.

आता कुठलाही तुलनात्मक पेपर वाचताना मी वहीत चार ओळी आधी लिहितो. तुलना कशाशी आहे? काय स्थिर ठेवलंय? जे मोजलंय त्यात काय लपतं? आणि कुठली एक गोष्ट बदलली तर निकाल उलटेल? चौथ्या ओळीचं उत्तर पेपरात बहुतेक वेळा सापडत नाही. तुम्हाला संशोधनाचा विषय मिळत नसेल, तर तिथून शोधायला सुरुवात करा.